बायकोकडं शिवायला आलेली कापडं सगळी परत गेली. आता पुढं काय?

धोटा (इचलकरंजी)

मंडळी नमस्कार. मी एरवी इथं वाचून जाणारा माणूस. लिहायची सवय नाही, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, वय साठीला टेकलंय. गेल्या साली दसरा झाला आणि दिवाळीच्या आत आमची ही गेली. सकाळी डोकं ठणकतंय म्हणाली, चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच खाली बसली. मिरजेला नेलं. मेंदूत रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहून काही बदलत नाही.

ती घरी ब्लाउज शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पायमशीन, शेजारी लोखंडी कपाट, त्यात गिऱ्हाइकांच्या पिशव्या. दिवाळीच्या तोंडावर म्हणजे ढीगच. ती गेली तेव्हा घरात पंचवीस-तीस जणींची कापडं होती. काही नुसत्या घड्या, काही बेतून कापलेली, काहींच्या बाह्या जोडायच्या राहिलेल्या. दोन-तीन पुरी होती, फक्त हुक आणि काजं बाकी. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, पण चिठ्ठीवर नाव नाही. "मारुतीच्या मागची." "कांडीवालीची सून." "बोट गळा, कटकटी." मापाच्या वहीतही तोच प्रकार. छाती, कंबर, बाही, पाठीचा गळा, सगळं व्यवस्थित, फक्त माणूस कोण ते तिलाच ठाऊक.

दहाव्याला पंचगंगेवर पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती तिची. मी गप्प बसलो. घरात दिवाळीची पंचवीस कापडं तशीच पडलीत आणि इच्छा राहिली नव्हती म्हणे. कावळ्याला काय माहीत.

तेरावा झाल्यावर मी ती कापडं परत द्यायला घेतली. मुलगा म्हणाला, आत्याला सांगा, ती वाटेल. पण वाटणार कुणाला? नावंच नव्हती. मग गल्लीतल्या बायकांना बसवून एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. कुणी म्हणायचं ही अमक्याची असेल, कुणी म्हणायचं छे, तिला बोट गळा कुठला चालतोय. ती कटकटी कोण हे मात्र कुणाला विचारायची सोय नव्हती. बाई आपणहून आली आणि दारातनंच अस्तर कमी भरतंय का बघा म्हणाली, तेव्हा कळलं.

एकेक बाई यायची, दारात उभी राहायची, आत यायला बिचकायची. कापड हातात घेतलं की बोलायला लागायची. एकीनं कापलेले तुकडे तसेच घडी घालून नेले, म्हणाली दुसरीकडं शिवणार नाही. एकीनं आगाऊ दिलेले पैसे मागितले, तिचंही बरोबर होतं, दिले. एकीच्या नवऱ्यानं तिला टाकलंय, तिच्याकडनं हिनं किती तरी वर्षं शिलाईच घेतली नव्हती. मला पत्ता नाही. आणि एकीनं सांगितलं, "वहिनी दुपारपर्यंत मशीनला हात लावायच्या नाहीत, म्हणायच्या आमचे रात्रपाळीहून येऊन झोपलेत." माझा समज असा की सकाळी तिला स्वयंपाक-धुण्याचं काम असतं. अहो, चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस मी, मला शांततेत झोप येत नाही. एका पायमशीननं माझी काय झोप मोडणार होती? विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तिनं विचारलं नाही आणि मला कधी सुचलं नाही, असाच संसार झाला आमचा.

ते काम गुढीपाडव्यापर्यंत पुरलं. तोवर मी बरा होतो. खरं सांगतो, जेवत होतो, कामावर जात होतो, लोक म्हणायचे सावरला. शेवटची पिशवी गेली आणि त्यानंतर मी बसलोय. रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. जेवणाला चव नाही. पँट कमरेला सैल झालीय. मागाचा एखादा बिघाड पूर्वी नुसत्या आवाजावरनं ओळखायचो, आता समोर उभा राहून बघत बसतो.

वरनं लोक. "भाग्यवान होती, कुंकवानं गेली." हे वाक्य मी ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. परवा वटपौर्णिमेला तर समोरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं की तिचं व्रत फळलं. माझं काय फळलं ते सांगा म्हणावं. तिसऱ्याच महिन्यात एक मावशी दुसऱ्या लग्नाचं सुचवून गेली, कारण काय, तर जेवणाची आबाळ. मला भेटणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारतो, जेवायचं काय करताय? डबा लावलाय. पुढं कुणी काही विचारत नाही.

मुलगा चाकणला कंपनीत आहे, म्हणतो इकडं या, घर भाड्यानं देऊ. सून चांगली आहे, ती म्हणते मशीन एखाद्या गरजू बाईला द्या, पुण्य लागेल. दोघांचंही चूक नाही.

विचारायचं ते असं. इतक्या महिन्यांनी माणूस असा उलटा खाली जातो का, की माझंच काही बिघडलंय? मशीनचं काय करू? आणि पुण्याकडं जावं का?

मनमोकळी (पुणे)

काका, मी समुपदेशनाचं काम करते. इथं लिहिलेलं तपासणीची जागा घेत नाही, पण काही गोष्टी सांगते.

उलटं जाणं होतं. लोकांच्या डोक्यात दुःखाच्या पाच पायऱ्या बसल्यात, नकार, राग वगैरे, आणि शेवटी स्वीकार. त्या मांडल्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली, आणि त्या मुळात स्वतःच मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. तुमच्यासारखी माणसं मग विचारतात, मी चौथ्या पायरीवरून दुसरीवर कसा आलो?

मला पटतं ते १९९९ सालचं नेदरलँड्समधल्या श्ट्रोबे आणि शुट या दोघांचं म्हणणं. माणूस दोन गोष्टींत ये-जा करत राहतो. कधी गेलेल्या माणसात बुडतो, कधी भाडं-बिल-नोकरी बघतो, आणि ही ये-जाच निरोगी असते. तुमच्या त्या पिशव्यांत दोन्ही एकाच वेळी चालू होतं. हिशेबही आणि तीही. ते काम संपलं आणि दोन्ही गोष्टी एकदम गेल्या. मला त्यात बिघाड दिसत नाही.

पण तीनला जाग, वजन उतरणं, चव नसणं आणि कामात लक्ष न लागणं, हे सगळं एकत्र आलंय, ते मी सोडून देणार नाही. हे नुसतं दुःख नसून नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दुःखाला आता आजारांच्या यादीत वेगळी जागा आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट धरते, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष आहे. नुसते महिने मोजून मात्र ते ठरत नाही, रोजचं जगणं किती अडलंय ते बघतात. म्हणजे तुम्हाला तो आजार आहे असं मी म्हणत नाही, दाखवून या म्हणते.

आधी साध्या डॉक्टरकडे जा, बीपी आणि साखर बघा. वजन त्यानंही उतरतं. जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्या जिवालाही धोका वाढतो, बायकांपेक्षा पुरुषांच्या जास्त, हे बऱ्याच देशांत दिसलंय. रात्री झोपेसाठी "थोडी" घेत असाल तर ती बंद करा, तीनची जाग त्यानं पक्की होते.

आणि १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. सरकारचं टेलि-मानस, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही फोन लागतो. जगणं नको वाटतंय असा विचार कधी आला तर सकाळची वाट न बघता लावा. तसा विचार येतो का, हे मी तुम्हाला सरळच विचारते.

रोखठोक (डोंबिवली)

साहेब, स्पष्ट बोलतो. मशीन देऊन टाका, घर भाड्यानं द्या, नातवंडांत जा. वस्तूत जीव अडकवला की माणूस तिथंच बसतो. माझे वडील गेले तेव्हा आम्ही महिन्यात कपाट रिकामं केलं, सगळे मोकळे झालो.

धोटा

@मनमोकळी, सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. मरावंसं वाटत नाही. उठावंसं वाटत नाही. दोन्हींत फरक आहे हे तुमचं वाचताना कळलं. घेत नाही, तंबाखू आहे. डॉक्टरकडं सुट्टीच्या दिवशी जातो.

@रोखठोक, तुमचे वडील तुमच्या आईच्याही कुणीतरी होते. महिन्यात कपाट रिकामं झालं तेव्हा तिला विचारलं होतं का कुणी? रागानं नाही विचारत. नातवंडं नाहीत अजून.

शिरोळची

भाऊ, मी तुमच्याच बाजूची. आमचे मालक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा दहावाही धड झाला नाही.

तुम्हाला ते "भाग्यवान गेली" म्हणतात ना, त्याचीच दुसरी बाजू आमच्या वाट्याला येते. ती कुंकवानं गेली म्हणून भाग्यवान, तर मी मागं राहिले म्हणजे कोण? मला तोंडावर कुणी बोललं नाही, पण हळदीकुंकवाचं बोलावणं आपोआप थांबलं. तुम्हाला तिसऱ्या महिन्यात स्थळ आणि मला पुतणीच्या लग्नात मागच्या रांगेतली खुर्ची. तुम्हाला टोचावं म्हणून नाही लिहीत. दोघांनाही कुणी माणूस म्हणून विचारत नाही, एवढंच.

आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी बायका कुंकू लावून बाहेर पडल्या असं नाही झालं. मी स्वतः वर्षभर घरात टिकली लावायची आणि दार वाजलं की पुसायची. पण बोलायला काहीतरी कारण मिळालं. आमच्या गल्लीत आम्ही चौघी आहोत अशा, आता संक्रांतीला एकमेकींकडं जातो, सवाष्णींनाही बोलावतो. ज्यांना यायचंय त्या येतात.

आता कामाचं. तुमच्या मंडळींच्या नावावर बँकेत खातं असेल, बचत गट असेल. पासबुक काढा आणि मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये वजा झालेत का बघा. तो सरकारच्या जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो. त्या पंचावन्नच्या आत असतील आणि विमा चालू असेल तर दोन लाख मिळतात, मरण कशानंही येवो. कितीतरी बायकांनी बचत गटाच्या बैठकीत सही केलेली असते आणि घरात कुणाला माहीत नसतं. आणखी एक. बाई मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू वारसा कायद्यानं तिची मालमत्ता नवरा आणि मुलं यांना सारखी जाते. दागिने "सुनेचेच" म्हणून कुणी परस्पर ठरवू नये, मुलगी असेल तर तिलाही बसवा समोर. हे मी मायेनं सांगते, कारण आमच्याकडं दुःख बाजूला राहिलं आणि दोन भाऊ पाटल्यांवरनं अबोला धरून बसले.

बॉबिन (बार्शी)

दादा, मी शिलाईचंच काम करते, पंधरा वर्षं झाली. तुमचं वाचून वही उघडून बसले. माझ्याही चिठ्ठ्यांवर अशीच नावं आहेत, "उंच मास्तरीण", "उसवून आणणारी". उद्या मला काही झालं तर घरचे डोक्याला हात लावतील. आजपासून नाव आणि फोन नंबर लिहायला लागले, तुमच्या मंडळींमुळे.

मापाची वही टाकू नका, कुणालाही देऊ नका. गिऱ्हाइकं अजून तिच्याच मापाचा ब्लाउज दुसऱ्या टेलरकडं नेऊन दाखवत असतील, असाच शिवा म्हणून.

मशीनबद्दल माझं मत सुनेपेक्षा वेगळं आहे. द्यायची घाई नको, पण झाकूनही ठेवू नका. पायमशीन महिनोन्‌महिने पडलं की तेल आत घट्ट होतं, चामडी पट्टा सुकून तडकतो, बॉबिनच्या घरात धूळ-धाग्यांचा लगदा बसतो. तुम्ही जॉबर आहात, तुम्हाला मी काय सांगू. मधला रस्ता असा की मशीन तिथंच राहू दे आणि कुणीतरी येऊन चालवू दे. संध्याकाळी दोन तास. आवाज होईल घरात.

धोटा

@शिरोळची ताई, पासबुक काढलं. ४३६ रुपये गेलेत! तिचं वय चोपन्न होतं. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, कशावरही सही केली तरी ती मला सांगायची नाही, म्हणायची तुम्ही उगीच शंभर प्रश्न विचारता. बँकेत गेलो होतो, मृत्यूचा दाखला, अर्ज आणि वारसदाराचं आधार मागितलंय. वारसदार म्हणून मुलीचं नाव लावलंय तिनं, माझं नाही. बरोबर केलं. तुम्ही लिहिलेलं मागच्या रांगेतल्या खुर्चीचं दोनदा वाचलं. आमच्या गल्लीत अशी एक आहे, हिच्याकडंच शिवायची. गौरीला मी तिला आणि समोरच्यांना एकत्रच बोलावणार आहे. वर्ष व्हायच्या आत सण करू नये म्हणतात, पण जेवायला बोलवायला कोण अडवतंय.

@मनमोकळी, साखर वाढलीय. गोळी चालू केली. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं आणि मानसोपचारवाल्यांची चिठ्ठी दिली, सांगलीला जायचंय. मुलाला सांगितलं तर तो घाबरला, लगेच निघतो म्हणाला. त्याला म्हटलं ये, पण सामान बांधायला येऊ नको. श्रावणात मीच महिनाभर तिकडं जाऊन बघतो, नाही जमलं तर परत. घर भाड्यानं द्यायचं नाही एवढं ठरलंय.

@बॉबिन, मशीन झाकून नव्हतं हो. दर रविवारी तेल घालतो, चाक फिरवतो. लोक म्हणतात वेडा झालाय. पट्टा खरंच सैल झाला होता, कापून नवी तार मारली. दोरा मात्र तिनं ओवलेला तसाच आहे, डाळिंबी रंगाचा, तो काढला नाही.

ती शिलाई न घेतलेली बाई, तिची मुलगी बारावी झालीय. कापड न्यायला आईबरोबर आली होती तेव्हा मशीनकडंच बघत होती. हिच्याकडं चार दिवस शिकायला बसली होती म्हणे. तिला बोलवावं असं मनात येतं आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, त्या पायट्यावर दुसऱ्या कुणाचा पाय कसा बघवेल. दोन्ही खरं आहे. काल तिच्या आईला निरोप दिला, सोमवारी संध्याकाळी पाठव म्हणून. आता तुम्ही सांगा, तयारी काय करून ठेवू? मागाचं सगळं कळतं, ह्यातलं शून्य.

बॉबिन (बार्शी)

डाळिंबी दोऱ्याचं रीळ काढून वहीजवळ ठेवा, दोरा तोडू नका, रिळाला गुंडाळा. मग मशीनवर साधा पांढरा दोरा लावा.

सुई नवी घाला, चौदा नंबरची. जुनी वर्षभर लागून राहिली असेल तर टोक गंजलं असणार, कापडाचे धागे ओढते. सुईची सपाट बाजू कुठल्या हाताला येते ते जुनी काढताना बघून ठेवा, तशीच बसवा, उलटी बसली तर टाके सुटतात. तेल घातल्यावर आधी फडक्यावर चालवा, नाहीतर पहिल्याच कापडाला डाग पडेल.

आणि पोरीला पहिले आठ दिवस जुन्या चादरीवर सरळ शिलाई मारू दे, नुसती सरळ. लगेच कुणाचं ब्लाउजपीस तिच्या हातात देऊ नका. कटकटी बाईचं तर अजिबात नको.